न पेटणारी मेणबत्ती

प्रिय दादा,

कुरिअरनं आलेलं पत्र बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्यांदा हे सांगते: आई बरी आहे. जेवतेय, झोपतेय, आणि काल खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंशी पाण्याच्या टाकीवरून वाद घालून जिंकलीसुद्धा. फोन का केला नाही, असं तू विचारशील. फोनवर आपलं कसं होतं ते तुला ठाऊक आहे. तू भराभर बोलतोस, मी हं हं करत राहते, आणि फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात येतं की त्या हं-हंमध्ये काहीतरी ठरून गेलं. आईला वृद्धाश्रमात ठेवायचं, हेही असंच ठरलं. शनिवारी तू येणार, तिला घेऊन जाणार, आणि तिला मात्र आपण चार दिवस हवापालट एवढंच सांगितलंय. त्या शनिवारच्या आत हे पत्र तुझ्या हातात पडावं अशी माझी इच्छा आहे.

मला मेणबत्तीबद्दल लिहायचंय. हसू नकोस. आपल्या घरात दिवेलागणीला जेवणाच्या टेबलावर एक मेणबत्ती लागायची, वीज असो वा नसो. सुरुवात वीज जायची म्हणूनच झाली असणार. पण पुढे वीज जायची थांबली तरी ती मेणबत्ती काही थांबली नाही. बाबा म्हणायचे, अगं, डोक्यावर एवढा लख्ख दिवा आहे, ही कशाला? आई म्हणायची, दिवा कंपनीचा आहे, ही माझी आहे. मी कॉलेजात गेल्यावर मला प्रत्येक गोष्टीत अर्थ दिसायला लागले होते. ज्योत म्हणजे आशा, वितळणं म्हणजे त्याग, असं काहीबाही मी वहीत लिहायची. एकदा मोठ्या गांभीर्यानं मी आईला विचारलं होतं, तुझ्या मेणबत्तीचा नेमका अर्थ काय? ती शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाली, अर्थ कसला डोंबलाचा? संध्याकाळ झाली असं कुणीतरी म्हणायला नको का? तू तेव्हा इतका हसलास, की पुढे कित्येक दिवस मला 'अर्थशास्त्री' म्हणून हाक मारत होतास.

दुसरी मेणबत्ती तिच्या यंत्राच्या खणात असायची, ती तुला आठवते का? अडकणारी चेन त्या मेणबत्तीनं घासायची, ओढताना रडणारा खण तिनंच घासायचा, आणि दोऱ्याचं टोक तिच्यावरून ओढून ताठ करायचं, म्हणजे सुईत पटकन जातं. ही पेटायची कधीच नाही. नुसती झिजून झिजून बोटाएवढी व्हायची. या दोन मेणबत्त्या नीट लक्षात ठेव, कारण मी दोन्ही काढून घेतल्या.

पावसाळ्याआधी टेबलक्लॉथ जळला ते तुला माहीत आहे. आईनं मेणबत्ती बशीत ठेवली, पण अर्धी बशीत आणि अर्धी काठावर. ती कलंडली. नर्सबाईंना वास आला, त्या धावत वर गेल्या. फार काही झालं नाही, पण होऊ शकलं असतं. हे मी आजही नाकारत नाही. मग तू त्या बॅटरीवरच्या मेणबत्त्या पाठवल्यास. बाहेरून खरं मेण, आत पिवळा लुकलुकणारा दिवा, संध्याकाळी आपोआप लागणारा टायमर. तू म्हणालास, तिला सांगूच नको, कळणारही नाही, उगाच मनाला लावून घेईल. मलाही ते पटलं. मला वाटलं, आपण तिचा मान राखतोय. खऱ्या सगळ्या मी पिशवीत भरल्या. मी काम अर्धवट करत नाही, त्यामुळे यंत्राच्या खणातली बोटाएवढीही उचलली. काडेपेटी तेवढी ठेवली, गॅससाठी.

त्यानंतर एका संध्याकाळी मी गेले तर घरात प्लॅस्टिक जळल्याचा वास. टेबलावर तुझी एक मेणबत्ती, तिचा शेंडा काळा पडून खाली ओघळलेला, आणि शेजारी जळक्या काड्यांचा ढीग. आई वैतागून म्हणाली, कुठून आणल्यास गं या? एक धड पेटत नाही! मी बाहेर जिन्यात येऊन तुला फोन केला. लागलेला दिवा ती काडीनं पेटवत होती, असं मी तुला सांगितलं. तू म्हणालास, डोकं चालत नाही तिचं आता. आणि एकदा तसं म्हटल्यावर सगळं त्यात बसायला लागलं. आमटीत मीठ दोनदा पडलं, तेही विसरणंच. भाजीच्या दुकानात ती माझ्या समोरून ओळख न देता निघून गेली, तेही तेच. स्वेटर उलटा. आणि शिवणयंत्रावर झाकण घालून ठेवलेलं, जन्मभर शिवणकाम केलेल्या बाईनं. मी तुला प्रत्येक गोष्ट कळवत गेले. मी प्रेसमध्ये दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचाच पगार घेते, तेव्हा याद्या करायला मला कोण शिकवणार? तू चौकशा केल्यास, खोली मिळाली, आणि मी हं म्हटलं.

गेल्या रविवारी मी तिचे कपडे बघायला गेले होते, काय बरोबर द्यायचं, काय नाही. संध्याकाळी वीज गेली. अशी बऱ्याच दिवसांनी गेली. टेबलावरची मेणबत्ती टायमरनं लागलेलीच होती. मी ती तिच्यासमोर सरकवली. आईनं तिच्यावर तळहात धरला. चुलीवर तवा तापलाय का बघतात ना, तसा. आणि म्हणाली, पेटव की. मी म्हटलं, पेटलेली आहे. ती म्हणाली, थंड आहे ही. मला काय खुळी समजतेस?

दादा, त्या क्षणी मला काही कळलं असं लिहिलं तर खोटं होईल. मला फक्त वाईट वाटलं. तिच्या समाधानासाठी म्हणून मी खालच्या दुकानातून एक खरी मेणबत्ती आणली, पेटवली, आणि काही न बोलता टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. तिनं हात पुढे केला, हवेत फिरवला, ऊब सापडली तिथे थांबवला, आणि मग मान मेणबत्तीपासून वळवून भिंतीकडे बघायला लागली. म्हणाली, हां, आता दिसतेय. मी विचारलं, भिंतीकडे बघून? तेव्हा ती चिडली. मग म्हणाली, मधलं गेलंय गं. कडेचं आहे. तुझ्याकडे बघितलं की तू नाहीशी होतेस, भिंतीकडे बघितलं की येतेस.

हे बऱ्याच दिवसांपासून चाललंय. रोजची मेणबत्ती ही तिची तपासणी होती. आज किती दिसते, किती कडेला गेल्यावर दिसते, आणि दिसली नाही तर हाताला तरी लागते का. जळलेला टेबलक्लॉथ त्यातलाच. मीठ त्यातलंच, भाजीचं दुकानही. आणि यंत्र बंद पडलं ते मी खणातली मेणबत्ती नेली म्हणून. मेण लावून ताठ केलेला दोरा ती बोटांनी चाचपून ओवत होती. मऊ दोरा तिला ओवता येईना. मला विचारायची तिला लाज वाटली. तिला वाटलं, तीच कुठेतरी ठेवून विसरली. म्हणजे बघ, तिलाही स्वतःबद्दल तीच शंका यायला लागली होती, आणि ती आपण तिला दिली. आपण म्हणजे मी. तू तिथे नव्हतास, खण मी उघडला. जी मेणबत्ती खोटी आहे हे आपण तिच्यापासून लपवलं, ती तिला पेटवता आली नाही म्हणून आपण तिचं डोकं गेलं असं ठरवलं.

मी तिला विचारलं, सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, सांगितलं असतं तर पहिल्यांदा काय काढून घेतलं असतंत? मेणबत्त्या अजून माझ्या घरी, कपाटाच्या वरच्या कप्प्यात होत्या.

मंगळवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. गेलेलं परत येणार नाही, पण पूर्ण अंधार होईल असंही नाही, असं ते म्हणाले. मी हट्टानं तिची स्मरणशक्तीही दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडून तपासून घेतली. त्या तरुण आहेत. आईनं सगळी उत्तरं दिली आणि शेवटी त्यांनाच विचारलं, आता तुम्ही सांगा, पहिला पेशंट कोण होता तुमचा? त्यांना सांगता आलं नाही. आई म्हणाली, राहू दे, होतं असं. आम्ही दोघी हसलो, मग जिना उतरताना तिनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

तू विचारशील ते प्रश्न मी स्वतःला विचारलेत. डोळे गेलेली बाई एकटी राहणार आणि वर मेणबत्ती लावणार? उलट आता धोका जास्त नाही का? आहे. मी तो कमी करायचा प्रयत्न केलाय, संपवला असं म्हणणार नाही. टेबलक्लॉथ काढला. जाड काचेची उंच बरणी आणली, तळाशी ओली वाळू, मेणबत्ती त्यात उभी. बरणी टेबलाला चिकटवून टाकलीय. काचेच्या काठावर हात ठेवला की तिला कळतं. गॅसच्या बटणांवर तिनं स्वतः दोरा गुंडाळलाय, बंदची खूण म्हणून. नर्सबाई सकाळी डोकावतील, तसं त्या आपणहून म्हणाल्या. संध्याकाळी मी येईन. 'रोज येईन' असं लिहिलं होतं, ते खोडलं. प्रेसमध्ये अंक निघायचा असला की मला उशीर होतो हे तुलाही माहीत आहे आणि तिलाही. आणि हे सगळं मी तिच्यासाठी करतेय की माझ्या मनाला लागलंय ते धुऊन काढायला, हेही मला नक्की सांगता येत नाही. पण कारण काहीही असो, ती तिच्या घरात राहू शकते. आज तरी. वर्षानं कदाचित नाही. तेव्हा आपण तिला विचारून ठरवू, तिच्यासमोर बसून.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. आज सकाळी मी वृद्धाश्रमात फोन करून खोली नको म्हणून कळवलं. दोघांच्या वतीनं कळवलं, तुला न विचारता. तिथल्या बाईंनी विचारलं, तुमच्या भावाला माहीत आहे ना? मी हो म्हटलं, आणि फोन ठेवून लगेच हे पत्र लिहायला घेतलं, निदान ते हो खरं व्हावं म्हणून. तू रागावशील. रागाव. आणखी एक, डोळ्यांचं तुला सांगू नको, असं तिनं मला बजावलंय. दर वेळी तू व्हिडिओ कॉल लावतोस आणि ती म्हणते बारीक झालास रे, ते ती अंदाजानंच म्हणते. तुला बरं वाटावं म्हणून. ते उघडं पडलेलं तिला नकोय. मी शब्द मोडलाय, पण तुला कळलंय हे तू तिला कळू देऊ नकोस. तिकीट रद्द करू नकोस. शनिवारी ये, ती तुझी वाट बघतेय, आणि तिला कुठेही न्यायचं नाहीये. फक्त तिनं दार उघडल्यावर नेहमीसारखा गप्प उभा राहून हसू नकोस. आधी 'आई' म्हण.

तुझीच,
धाकटी