परग्रहावरचं गाऱ्हाणं

ती. अप्पा,

तुमच्या पायांना हात लावलाय असं समजा.

मी मजेत आहे. वेळेवर जेवते, निदान डबा तरी वेळेवर येतो. तुमचा खोकला कसाय? फोनवर "बराय" म्हणून ठेवून देता, म्हणून हे पत्र.

कॉलेजसाठी मी आणि माझी मैत्रीण सान्वी विज्ञानकथेवर छोटी फिल्म करतोय. दोन मुली यानातून परग्रहावर उतरतात. परग्रह म्हणजे इथल्या डोंगरी गावाबाहेरचा उघडा कातळ! सान्वी म्हणाली, उतरल्यावर झेंडा रोवू. मी म्हटलं, छे, आमच्याकडे नव्या जागेत आधी तिथल्या राखणदार देवाला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात, सांभाळ म्हणून साकडं.

मला इथे खारी भागातल्या खोलीवर सोडायला आलात, तेव्हा तुम्ही उंबऱ्यावर तेच केलंत. "बा राखणदारा, लेकरू तुझ्या पदरात घालतोय, सांभाळून घे रे म्हाराजा!" गाऱ्हाण्याला मागून "व्हय म्हाराजा" अशी साथ द्यायला गावातलं कुणी नव्हतं, आणि मला तर रडूच येत होतं. तेव्हा शेजारच्या दारातून अनोळखी हंसाबेन हात जोडून त्यांच्या गुजरातीत म्हणाल्या, "हा महाराज, हा!" त्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी मागितलंत, अप्पा, ते मला मिळालंय.

शुक्रवारी सरांना गोष्ट सांगायचीय. पटली तरच कॅमेरा मिळेल. गाऱ्हाणं तुमच्याच आवाजात हवंय, आईच्या मोबाइलवर बोलून पाठवा. मध्ये खोकला आला तरी चालेल.

सान्वी विचारते, त्या ओसाड ग्रहावर उत्तर कोण देणार? तिथेच तर फिल्म संपते. तुमचं गाऱ्हाणं संपतं, दोघी हात जोडतात, आणि कातळामागून आवाज येतो, "हा महाराज, हा!"

हंसाबेन तयार आहेत.

तुमची लेक,
रसिका