बोटीवरची भागूबाई

ताईला तिच्या भागूबाईचा नमस्कार.

मी मजेत आहे. माझी चिमी तुला फार छळते का गं?

बोट म्हणजे तरंगता बंगलाच! श्रीमंत पाहुण्यांना घेऊन नदीतून हिंडते. एकेक पलंग आपल्या खोलीएवढा. तो आवरायचा आणि वर टॉवेलचा हत्ती करून ठेवायचा, हे माझं काम. माझ्या हत्तीला लोक डुक्कर समजतात, पण फोटो काढतात.

काल सण होता. पाहुण्यांनी नदीत दिवे सोडले, आम्हा कामवाल्यांनाही वर बोलावलं. पाण्यावर नुसता उजेड! मी कठडा काही सोडला नाही. एका आजींनी विचारलं, "काय मागितलंस गं पोरी?" मी म्हटलं, "बोट बुडू नको देऊ." सगळे पोट धरून हसले.

खरं तर चिमीनं मला विसरू नये, हे मागितलं. परवा फोनवर तिनं "आई" अशी हाक मारली, मी ओ दिली, तर ती तुला बोलवत होती. तू लगेच "मावशी म्हण" म्हणून तिला दटावलंस. अगं, म्हणू दे तिला. लेकराला रडवू नको.

फक्त मी घरी आले की "ही बघ मावशी" असं गमतीतसुद्धा म्हणू नको.

तुझ्या जिवावर निर्धास्त,
धाकटी