टिझर्डांच्या घरातली माणसं

सोमवार, १३ ऑक्टोबर २०२५

पोचले एकदाची! रीडिंगहून ॲशकोंब तीन तास. शेवटचा दीड मैल रस्ता इतका अरुंद की समोरून ट्रॅक्टर आला असता तर मला रिव्हर्समध्येच डॉर्सेटच्या बाहेर पडावं लागलं असतं. मग गुरं बाहेर जाऊ नयेत म्हणून रस्त्यात टाकलेल्या लोखंडी नळ्या, त्यांच्यावरून गाडी खडखडत गेली आणि एकदम मोकळं आवार. दगडी घर, गोठा, मागे टेकडीपर्यंत कुरणं.

माझं पहिलं स्वतंत्र काम. लेऑफनंतर मी वंशावळी शोधायचा कोर्स लावला तेव्हा मिलिंदने "छान आहे" म्हटलं होतं, पण नवऱ्याचं "छान आहे" कसं असतं ते मला कळतं. आता बघ म्हणावं.

घरात दोघंच. लेनर्ड टिझर्ड नव्वदीचे, अजून ताठ चालतात, पण हात फार थरथरतात. त्यांची धाकटी बहीण जॅनेटबाई चौऱ्याहत्तरच्या. दोघांनीही लग्न केलेलं नाही. टिझर्ड मंडळी चारशे वर्षं हीच जमीन कसताहेत, म्हणून वसंतात गावच्या चर्चमध्ये प्रदर्शन आहे आणि त्यासाठी त्यांना पूर्ण वंशावळ हवी आहे. दोन आठवडे मी इथेच राहायचं, असा त्यांचा आग्रह. जॅनेटबाईंनी स्ट्यू केला होता, मला चालेल का म्हणून दहादा विचारलं.

कस्तुरीला रोज एका गाईचा फोटो पाठवायचं कबूल केलंय. सात वर्षांची लेक तेवढ्यावर आईला दोन आठवडे सोडायला तयार झाली. मोबाईलला रेंज फक्त त्या नळ्यांपाशी. डायरी मराठीत लिहिते आहे, म्हणजे इथे टेबलावर राहिली तरी हरकत नाही.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

नाश्त्याआधी लेनर्ड जुनं जाडजूड बायबल काढतात. त्याच्या पहिल्या पानांवर घरच्यांची नावं आहेत. ते एकेक नाव सावकाश वाचतात. गेलेल्यांच्या नावापाशी थोडं थांबतात. स्वतःचं आणि बहिणीचं नाव आलं की दोघं "इथेच आहे" म्हणतात. मला फार गोड वाटलं. आपल्याकडे श्राद्धाला तीन पिढ्या सांगताना घसा कोरडा पडतो, इथे दोनशे वर्षं रोज!

पानांचे फोटो घेऊ का विचारलं. लेनर्ड म्हणाले, फोटो नको, हाताने उतरवून घे. बायबल कपाटात गेलं आणि किल्ली त्यांच्या खिशात.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

दिवसभर डॉर्चेस्टरला रेकॉर्ड ऑफिसात होते. काहीतरी जुळत नाही.

१८५१च्या जनगणनेत या घरी एलायझा नावाची सत्तावीस वर्षांची शिक्षिका आहे. जन्म ब्रिस्टल. घरमालकाशी नातं, पाहुणी. १८६१मध्ये एलायझा टिझर्ड, सदतीस वर्षांची. नातं, मुलगी. जन्म, ॲशकोंब.

एखादी चूक समजू शकते. पण १८८१ला ॲग्नेस, शिवणकाम करणारी, पाहुणी. १८९१ला ती मुलगी. १९११ला जमीन मोजायला आलेला रॉबर्ट, पाहुणा. १९२१ला मुलगा.

मग चर्चची रजिस्टरं काढली. १७९८ नंतर एकाही टिझर्डचा बाप्तिस्मा नाही. दफनं आहेत, ओळीने आहेत. जन्म नाहीत. तरी घर कधी रिकामं झालेलं नाही.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

लेनर्डना सरळ विचारलं. लिहिणारे कारकून चुका करायचे, म्हणाले, आणि चहा अर्धा टाकून गोठ्यात गेले. जॅनेटबाई माझ्याकडे न बघता कप विसळत राहिल्या.

हे लोक काहीतरी लपवताहेत. पाहुण्यांचं काय केलं असेल? त्यांच्या नावावर कुणाला उभं केलं? मिलिंदला नळ्यांपाशी जाऊन फोन केला. तो म्हणाला, दत्तक वगैरे असेल गं, तू उगाच डिटेक्टिव्ह होऊ नकोस. असेल.

भावाबहिणीत सोळा वर्षांचं अंतर. हे पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात यायला हवं होतं.

शनिवार, १८ ऑक्टोबर

माझ्या खोलीतल्या खणाच्या तळाशी कागद अंथरलेला आहे. त्याच्याखाली एक पत्र मिळालं. नॉटिंगहॅम, नोव्हेंबर १९७४. एका आईने मुलीला लिहिलेलं. मायना "माझी जॅनेट".

लिहिलंय की युनिव्हर्सिटीच्या कामासाठी पंधरा दिवस म्हणून गेलीस, त्या घराचा इतिहास लिहून झाला असेल तर परत ये. काल फोनवर बाबांना "आपण कोण बोलताय" म्हणालीस, ते अजून खुर्चीतून उठलेले नाहीत. तुझा निळा कोट धुऊन ठेवलाय.

जॅनेटबाई तेव्हा तेवीस वर्षांच्या असणार.

म्हणजे म्हाताऱ्याने तिला अडकवून ठेवलं. पन्नास वर्षं.

रविवार, १९ ऑक्टोबर

लेनर्ड चर्चला गेल्यावर पत्र जॅनेटबाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते उभ्यानेच वाचलं. चेहऱ्यावर काहीच नाही. मग म्हणाल्या, बिचारी बाई, कोण असेल? मी म्हटलं, ही तुमची आई आहे. त्या हसल्या. त्यांची आई वरच्या खोलीत वारली, त्यांनीच तिची सेवा केली, असं सांगू लागल्या. बोलता बोलता डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि त्या चकित होऊन गाल पुसत राहिल्या. कांदा चिरलाय का मी, असं मला विचारलं.

पत्र मात्र परत दिलं नाही. ॲप्रनच्या खिशात ठेवलं.

सोमवार, २० ऑक्टोबर

गावच्या शाळेची जुनी हजेरीबुकं चर्चमध्येच आहेत. लेनर्डवरचा संशय पक्का करायला गेले होते.

सप्टेंबर १९४०. बॉम्बहल्ल्यांमुळे लंडनहून पाठवलेल्या मुलांची यादी. लेनर्ड पॉट्स, वय पाच. राहण्याची सोय, टिझर्ड फार्म. दोन पानांपुढे लेनर्ड टिझर्ड.

त्यांनाही कुणीतरी पाच वर्षांचं असताना —

मग या घरात खरा टिझर्ड कोण? कुणीच नाही. तर हे करतंय कोण?

उद्या निघते. प्रदर्शन गेलं खड्ड्यात.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

जॅनेटबाई म्हणतात की मी सकाळी गाडी घेऊन निघाले होते आणि वीस मिनिटांत अंडी घेऊन परत आले. मला अंडी आठवतात. डिकीत माझी बॅग भरलेली आहे.

दुपारी पुन्हा निघाले, या वेळी हातावर पेनाने लिहून: घरी जा. नळ्यांपाशी थांबले. हात वाचला आणि घरी आले. आमच्या गोठ्यासमोर गाडी लावली तेव्हा कळलं मी काय केलं ते.

आमच्या. मी काय लिहिलं हे?

बुधवार, २२ ऑक्टोबर

कपाट उघडं होतं. बायबल पाहिलं.

शेवटचं नाव "वरदा टिझर्ड, कन्या". शाई ताजी. मी लेनर्डवर ओरडले. त्यांनी नुसते हात पुढे केले. त्या हातांना चमचा धरवत नाही, पेन कुठून धरणार.

मग अक्षर नीट पाहिलं. व्ही अक्षराची ती शेपटी. शाळेत बाई जिच्यासाठी मला रागावायच्या, ती.

अक्षर माझं आहे.

वर एलायझा तिच्या अक्षरात. ॲग्नेस तिच्या. लेनर्ड, पाच वर्षांच्या मुलाचं वेडंवाकडं. प्रत्येकाने स्वतःच —

विसरायच्या आत लिहून ठेवते. नवरा मिलिंद. मुलगी कस्तुरी, सात वर्षं, समोरचा एक दात पडलेला. आई पुण्याला. आईचं नाव

आईचं नाव

गुरुवार, २३ ऑक्टोबर

हॉलमधला फोन वाजला. एक माणूस होता, घाईघाईत काहीतरी विचारत होता. मला त्याची भाषा कळत होती हे विचित्र. मी नम्रपणे विचारलं, आपण कोण बोलताय? तो म्हणाला, "वरदा, शनिवारी आम्ही येतोय तुला न्यायला."

फोन ठेवला आणि मग आठवलं. सगळं आठवलं. धावत नळ्यांपाशी गेले. रेंज होती. कुणाला फोन करायचा ते —

येऊ नको. मिलिंद, तिला आणू नको. तिला इथे

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

कालवडीला खोकला. पावसाआधी गवत झाकलं.

सकाळी नाव आलं तेव्हा मीही म्हटलं, इथेच आहे. लेनर्ड खूश झाला. जॅनेटचा हात दिवसभर ॲप्रनच्या खिशात असतो. मधेच तिने विचारलं, "निळा कोट कुणाचा होता गं?" मला कसा ठाऊक असणार.

ही वही माझ्या खोलीत होती. वाचता येते. लिहिताही येतंय. असं लिहायला मला कुणी शिकवलं?

शनिवार, २५ ऑक्टोबर

आवारात एक गाडी येऊन थांबली आहे. एक माणूस आणि लहान मुलगी. मुलीचा पुढचा एक दात नाही. गोड आहे. तो माणूस मला खिडकीत बघून रडतोच आहे.

लेनर्ड म्हणतो, थंडीत उभं करू नका, आत घ्या. पोर किती दिवसांनी आलंय या घरात. बायबल टेबलावर उघडं ठेवलंय, शेजारी पेन.

जॅनेटला काय झालंय कळत नाही. दारात आडवी उभी राहिली आहे, हातात तो जुना कागद, आणि ओरडते आहे, "तिला घेऊन जा! इथे पाऊल टाकू देऊ नका तिला, परत जा!" एवढा मोठा आवाज तिचा कधी ऐकला नव्हता. लेनर्ड तिला ओढतोय, त्याच्याने होत नाही. मुलगी घाबरून हाका मारते आहे, आई, आई. कुणाला हाक मारते आहे?

लेकरू थंडीने कुडकुडतंय. मी खाली जाते आणि जॅनेटला दारातून बाजूला —