शेजारच्या सीटचं दार

१२ जानेवारी
वस्तीवरून

प्रिय बाबा,

तुमची तुयारा सुखरूप आहे, हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं ऐकणं सोपं जाईल. आत्या, तू हे मोठ्याने वाचते आहेस ना? जरा सावकाश वाच. डॉक्टर काहीही म्हणोत, बाबांना सगळं कळतं.

इथे पारा उणे पन्नासच्या खाली गेला आहे. गाड्यांचा धूर वर जातच नाही, घरांच्या मधे लोंबत राहतो. बुधवारपासून टेलिफोन बंद आहे, म्हणून हे पत्र प्रोकोपीकाकांच्या ट्रकने याकुत्स्कला पाठवते आहे. सोबत लोणी आणि गोठलेला मासा आहे. मासा आत्याने खावा, बाबांना नुसता रस्सा द्यावा. तुमचा ट्रक नीट आहे. बॅटरी मी घरात, चुलीजवळ आणून ठेवते. समोरच्या काचेपाशी तुम्ही चिकटवलेला माझ्या पदवीचा फोटो पिवळा पडलाय, पण सुटलेला नाही. शेजारच्या सीटचं दार अजून तसंच आहे, उचलून आपटल्याशिवाय लागत नाही.

मागच्या फोनवर आत्या म्हणाली, हल्ली कधीकधी सकाळी तुमचे पाय गुडघ्यापर्यंत गार पडतात, हंसाची चरबी चोळून चोळून हात दुखतात तरी ऊब येत नाही. रोज होतं की ठरावीक दिवशीच, असं विचारणार होते. विचारलं नाही.

पोरांना गोठलेल्या नदीवरून ट्रक न्यायला शिकवणारी माझी शाळा बरी चालली आहे. पुस्तकातून शिकतात म्हणून म्हातारी मंडळी माझ्या विद्यार्थ्यांना अजूनही ‘पाठ्यपुस्तकं’ म्हणतात. परवा चहाच्या टपरीत प्रोकोपीकाका सगळ्यांसमोर म्हणाले, “काय गं मास्तरीण, तुझी पाठ्यपुस्तकं भिजली तर वाळत कुठे घालणार?”

मी म्हटलं, “काका, तुमच्या वेळी नव्या पोराला सगळ्यांच्या पुढे पाठवून बर्फ जोखायचात. माझी पोरं म्हणजे काही बर्फ मोजायच्या काठ्या नाहीत.”

“जोखायचो खरं,” ते म्हणाले. “पण तुझा बाप त्या काठीच्या शेजारी बसायचा.”

मी चहा अर्धाच टाकून उठले.

बाबा, सप्टेंबरात तुम्ही माझ्या वर्गातून उठून गेलात, ते याच कारणावरून. बर्फ ओलांडताना गाडीत चालकाशिवाय कुणी नसावं, असा नियम आहे. तो मी केलेला नाही, पण मला तो पटत होता, एकाच्या जागी दोघं का बुडावेत? शिकवणाऱ्याने काठावर थांबून रेडिओवरून सांगावं. तुम्ही टोपी घातलीत आणि म्हणालात, “काठावर उभं राहून पोरांना पाण्यावर पाठवायला मी काय गुराखी आहे? तुझ्या रेडिओवर मी एक शब्द बोलणार नाही.” आणि मग ऑक्टोबरात तो झटका आला, तोंड वाकडं झालं, वाचा गेली.

आता मुख्य गोष्ट. आत्या, इथून पुढे वाचताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघ.

आजीवरचा रस्ता डिसेंबरात उघडला. (पाण्याजवळ असताना नदीचं नाव घ्यायचं नाही हे तुमच्याकडूनच शिकले, म्हणून पत्रातही आजीच लिहिते.) आम्ही रीतीप्रमाणे आजीसाठी लोण्याची धिरडी काठावर ठेवली आणि माझ्या विद्यार्थ्यांपैकी एर्खान सगळ्यांत आधी निघाला. एर्खान खालच्या गावचा आहे, तुम्ही त्याला कधी पाहिलेलं नाही. पलीकडे पोचून परत आला तेव्हा म्हणाला, “मास्तरीणबाई, रेडिओवर ते आजोबा कोण होते?”

मी म्हटलं, “रेडिओवर मीच होते. आणि धुकं वाढल्यापासून तुला माझं काही ऐकू जात नव्हतं.”

“तुम्ही नाही. एक आजोबा. ‘डावीकडे, खुणेच्या फांद्यांच्या आतून घे,’ म्हणाले. आणि म्हणाले, ‘चहा सांडू नकोस, लेकरा.’ माझ्याकडे चहा नव्हताच.”

काचेपाशी बिनझाकणाचा चहाचा पेला ठेवून गाडी चालवणारा माणूस या काठावर एकच होता. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या आयालला आवाज आला, मग बाकीच्यांनाही. प्रत्येकाला तेच, सावकाश, न रागावता. काठावर माझ्या हातातल्या रेडिओत मात्र नुसती खरखर. मी प्रोकोपीकाकांना विचारलं, ही तुमच्यापैकी कुणाची चेष्टा आहे का? ते बराच वेळ हातमोजे झटकत राहिले. मग म्हणाले, “अफोन्याची, तुझ्या बापाची चेष्टा कोण करेल? कुणाला सांगू नकोस, पोरी. पोरं पोचतायत ना?”

पोरं पोचत होती. खरं सांगते, मला आनंद झाला होता. वाटलं, माझं चुकलं नाही, शेवटी बाबासुद्धा रेडिओवरूनच शिकवू लागले.

मग मागच्या सोमवारी एर्खान भरलेला ट्रक घेऊन निघाला आणि आजीच्या मधोमध थांबला. बर्फावर थांबायचं नाही, हे मी त्याच्याकडून शंभरदा म्हणून घेतलं आहे. धुक्यात त्याचे मागचे लाल दिवे दिसत होते आणि हलत नव्हते. मी रेडिओत ओरडत होते. त्या लाल उजेडात चाकांभोवती पाणी वर येऊन बर्फ काळा पडायला लागला, तेव्हा प्रोकोपीकाका धावत त्याच्या दिशेने गेले आणि लोखंडी पहारीने बर्फावर ठोकू लागले. तो आवाज ऐकून एर्खानने गाडी हलवली.

“का थांबलास?” मी विचारलं.

“आजोबा बोलले नाहीत,” तो म्हणाला. “म्हणून वाट बघत होतो.”

त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, बाबा. देवळात उभं असल्यासारखा दिसत होता. बर्फ काय म्हणतो हे ऐकायचं माझ्या पोरांनी सोडून दिलं होतं. अशाने एक दिवस कुणीतरी जाईल, आणि त्याला पाठवणारी मी असेन.

म्हणून गुरुवारी सकाळी मी तुमचा ट्रक काढला. तुम्हाला गप्प करायला निघाले होते, हे लपवत नाही. रेडिओवर आलात की सांगणार होते, बाबा, पुरे, आता त्यांना त्यांच्या कानांनी ऐकू द्या. आणखीही एक होतं. टपरीत सगळे म्हणतात ते खरं आहे, ही मास्तरीण कधी भरली गाडी घेऊन आजीवर गेलेली नाही. वस्तीतल्या प्रत्येक पोराला तुम्ही शेजारी बसून नेलंत. मला म्हणालात, “तू शिक, तुला कशाला बर्फ?”

मी पट्टा सोडला, बर्फ फुटला तर उडी मारता यावी म्हणून माझ्या बाजूचं दार अर्धं उघडं ठेवलं, पेल्यात चहा ओतून काचेपाशी ठेवला आणि उतारावरून खाली गेले. काठावरच्या फांद्या दिसल्या, मग पुढच्या दोन, मग काहीच नाही. आजूबाजूला नुसतं पांढरं. बर्फ खाली बोलत होता, कोरडे, लांब जाणारे तडे. तो बडबडतो तोवर भिऊ नये, हे तुम्ही इतरांना सांगताना मी लहानपणी ऐकलं होतं. रेडिओ चालू होता. तुमचा शब्द नाही. मी म्हटलं, “बाबा, मी आहे.” तरी नाही.

मधोमध बर्फही गप्प झाला. तिथे मी वेग वाढवला नाही, थांबलेही नाही. पेल्यात बघत चालवत राहिले. माझं दार डावीकडे होतं, पण वारा उजव्या गालाला लागत होता. मी तिकडे बघितलं नाही.

पलीकडे पोचेपर्यंत तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. तेव्हापासून माझ्या मनात दोनच गोष्टी येतात. एक म्हणजे मला सांगण्यासारखं तुमच्याकडे काही उरलं नव्हतं. दुसरी लिहीत नाही. आत्या, गुरुवारी सकाळी काय झालं ते मला कळव. आणि हे पत्र ऐकायला कुणी उरलं नसेल, तरी त्या खोलीत बसून मोठ्याने वाच.

सोमवारपासून पोरांचे रेडिओ मी काढून घेणार आहे. एर्खानच्या शेजारी मी बसेन, माझ्या बाजूचं दार उघडं ठेवून. नियमात नाही, हे वरिष्ठांना लेखी कळवलं आहे. परवानगी द्या नाहीतर मला काढा, असंही लिहिलं आहे.

एक सांगायचं राहिलं. तुमच्या जुन्या पद्धतीत प्रमाणपत्र नव्हतं. चाकं जमिनीला लागली की शिकवणारा आपलं दार आधी लावायचा, मग शिकणाऱ्याने त्याचं लावायचं. तेवढं झालं की पोरगा पास. ते मी काठावरून कितीदा पाहिलंय.

गुरुवारी मी एकटीच होते. शेजारचं दार निघताना मी स्वतः उचलून, आपटून लावलं होतं. पुढची चाकं चढावर आली, मग मागची. मी इंजिन चालू ठेवून बसले. पेल्यातला चहा गोठला होता, सांडला नव्हता. आणि माझ्या उजव्या हाताला कुणीतरी ते दार उचलून आपटलं.

मग मी माझं दार लावलं.

तुमची,
तुयारा