आईचा फोटो, साठ एक्स

१२ जानेवारी, रविवार

कॅमेरा आला. ब्रिज कॅमेरा, साठ एक्स झूम. आजपासून रोज लिहायचं, म्हणजे प्रगती मोजता येईल. खोपोलीच्या कारखान्यात पस्तीस वर्षं स्टोअर्स सांभाळलं. एकेका नट-बोल्टचा हिशेब लागायचा. फोटोग्राफी म्हणजे तरी दुसरं काय, शिस्तच.

प्लॅन: पहिला आठवडा मॅन्युअल. दुसरा आठवडा कोंडाणे लेण्यांकडचे पक्षी. तिसऱ्यात प्रदर्शनाचा विचार.

दर्शनानं विचारलं, रिटायर झाल्यावर घराला प्लास्टर करणार होतात, त्याचं काय झालं. बायकोला स्वतःचा छंद नसला की असे प्रश्न सुचतात.

१३ जानेवारी, संध्याकाळी ७.१०

पौर्णिमा. चंद्र काढला. खड्डे दिसतात! मॅन्युअल न उघडता. सगळ्या ग्रुपवर टाकला. मेघानं नेरळहून नुसता अंगठा पाठवला. पोटची मुलगी, आणि अंगठा.

आईला दाखवला. तिनं बराच वेळ बघितला. म्हणाली, जगू, एवढ्या लांबचा येतो, मग माजा पन येईल की रं. मी म्हटलं, तुझा काय, चुटकीसरशी.

मग कळलं तिला कसला फोटो हवा आहे. भिंतीवरचा.

१४ जानेवारी

नीट लिहून ठेवतो. आईचं वय ८१. चक्कर येते. नाडी चाळीसच्या आसपास. पनवेलच्या डॉक्टरांनी पेसमेकर सांगितलाय, तारीख १२ फेब्रुवारी. डॉक्टर म्हणाले, छोटं ऑपरेशन आहे. आई म्हणते, छोटं असू दे नायतर मोठं, टेबलावर चढायच्या आदी माजा फोटो पायजे.

हे सगळं अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, फोटोमुळे. अण्णा गेले तेव्हा घरात त्यांचा एकही धड फोटो नव्हता. मग युनियनच्या ग्रुप फोटोतून कापून मोठा करून घेतला. त्यात अण्णांच्या मानेला चिकटून कुणाचा तरी चौकटीच्या शर्टातला खांदा आला आहे. कुणाचा ते आजवर कळलं नाही. आई आज म्हणाली, एकोनीस वर्सं मी त्या खांद्याला पन हार घालते. कोन बाबा, जिता हाय का नाय, ठाव नाय. माज्या फोटोत कुनाचा खांदा नको.

अटी: पांढरी साडी, बुद्धवंदनेला नेसते ती. डोळे उघडे. एकटी.

हातात एकोणतीस दिवस. चंद्राला एकच लागला होता.

१७ जानेवारी

पहिली बैठक. ओटीवर खुर्ची, मागे भिंत. अकरा फोटो. दहांत रिकामी खुर्ची. एकात आईची पाठ, ती स्वयंपाकघराकडे निघालेली.

कारण शोधलं. सेल्फ-टायमर चालू होता. बटण दाबल्यावर दहा सेकंदांनी फोटो निघतो. तेवढं ती थांबली नाही. मॉडेलला थोडा धीर लागतो.

शिवाय पांढरी भिंत करडी आली. आई म्हणाली, भिंत अशी, मग माजी साडी चुलीत लोळल्यासारकी दिसंल. मॅन्युअलच्या पान ६८ वर लिहिलंय की पांढऱ्या वस्तू ऑटोमध्ये करड्या येतात. म्हणजे दोष साडीचा. रंगीत सुचवली. आई उठून आत गेली.

२० जानेवारी

गंभीर बाब. व्ह्यूफाइंडरमधून सगळं धूसर दिसतं. चष्म्यासकट, चष्म्याशिवाय, दोन्ही. लेन्स सदोष. कंपनीला इंग्रजीत कडक मेल टाकला, चार परिच्छेद, ग्राहक मंचाच्या उल्लेखासह.

संध्याकाळी ६. व्ह्यूफाइंडरशेजारी एक बारीक चाक आहे. आपल्या नंबराप्रमाणे फिरवायचं असतं. फिरवलं. लख्ख.

मेल परत घेता येत नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदन आटोपून कोंडाण्याला. आधी पक्ष्यांवर हात बसावा, मग आई. घाई करून चालणार नाही, ऑपरेशनला अजून सतरा दिवस आहेत.

वाडीवरचा जैतू सोबत होता. धनेशाची जोडी दिसली म्हणे. मी साठ एक्सवर शोधत होतो. फांदी, पान, आभाळ, पान. जैतू म्हणाला, साहेब, तुमच्या डोक्यावरच बसलीत. मी झूम कमी करेपर्यंत उडाली. पंखांचा आवाज मात्र स्पष्ट ऐकला. चारशे बारा फोटो. पानांचा अभ्यास झाला.

परतताना जैतूनं विचारलं, जवळचं लांबून कशापायी बघता. याला फोकल लेंथ कुठून समजावणार.

२९ जानेवारी

ट्रायपॉड आला. दुसरी बैठक. आज काहीही कमी नव्हतं. प्रकाश चांगला. टायमर बंद, तीनदा तपासला. पांढऱ्यासाठी एक्सपोजर प्लस एक. आई सरळ बसली, पदर डोक्यावरून घेतला आणि लेन्समध्ये बघितलं. चेहऱ्यावर फोकसचा हिरवा चौकोन आला. बटणावर बोट ठेवलं.

तेवढ्यात दोरीवरचा टॉवेल लक्षात आला. रद्द.

टॉवेल काढला. पुन्हा चौकोन. पुन्हा बोट. मग वाटलं की उजेड थोडा कडक आहे. रद्द.

आई म्हणाली, दाब की रं एकदाचं, असा काय बघतोस माज्याकडं. मी सांगितलं, घाईत काढला तर आयुष्यभर भिंतीवर तोच राहील. हे बोलायला नको होतं. तिला काही वाटलं नाही. म्हणाली, म्हनून तर सांगते.

दर्शना म्हणाली, आणा, मी फोनवर काढते, दहा सेकंदांत. फोनचा सेन्सर नखाएवढा असतो हे तिला समजावलं. ब्रिज कॅमेऱ्याचाही जवळपास तेवढाच असतो असं मॅन्युअलमध्ये आहे, पण ते पान तिनं वाचलेलं नाही.

३१ जानेवारी

आईला सकाळी मोरीत चक्कर आली. दर्शनानं धरलं. डॉक्टर फोनवर म्हणाले, तारीख आहे तीच ठेवू, पण एकटं सोडू नका आणि उन्हातान्हात फिरवू नका.

आईनं दर्शनाला सांगितलं, मला कर्जतला साईराजच्या स्टुडिओत ने. मी ऐकलं. पासपोर्ट फोटो काढणारा माणूस! निळा पडदा, दोन छत्र्या. घरात साठ एक्स असताना. परवानगी नाकारली. ३ तारखेपर्यंत फोटो देतो असा शब्द दिला. लेखी देऊ का, असंही विचारलं. दर्शना म्हणाली, लिहिताच आहात की रोज.

१ फेब्रुवारी

मूळ चूक सापडली. अंतर! चंद्र लांब होता, आला. आई दोन मीटरवर, येत नाही. हा कॅमेरा लांबचं बघायलाच बनवलेला आहे. जवळ बसवून मी त्याच्यावर अन्याय करत होतो.

प्लॅन: खुर्ची शेताच्या बांधावर, आंब्याखाली. मी ओटीवर, ट्रायपॉडसह. अंतर साठ मीटर, पावलांनी मोजलं. आईच्या मांडीवर फोन, स्पीकर चालू, त्यावरून सूचना. जवळ कुणी नसलं की माणूस मोकळेपणानं बसतो.

माझाही हात लांबून स्थिर राहतो, असा अनुभव आहे.

३ फेब्रुवारी, सकाळी १०.५०

दर्शना बाजाराला गेली. जाताना म्हणाली, आईंना ओटीवरून हलवू नका. अर्ध्या तासाचा प्रश्न आहे, ती यायच्या आत आटपेल. आईला हात धरून बांधापर्यंत नेलं. वाटेत दोनदा थांबली. छान सावली आहे. पांढरी साडी हिरव्यात उठून दिसते. आता सुरू.

३ फेब्रुवारी, दुपारी ३.३०, पनवेल

क्रमानं लिहितो.

११.२० ला चौकोन आला. सावली सरकून ऊन तिच्या तोंडावर आलं होतं. मी ते चांगला प्रकाश म्हणून बघत होतो. फोनवर सांगितलं, आई, मान जरा कलती कर. तिनं केली. सांगितल्याबरोबर ऐकलं असं पहिल्यांदाच झालं. बोट सहज दाबलं गेलं. बर्स्ट, एका दाबात नऊ फोटो.

मान कलतच राहिली. फोन मांडीवरून खाली पडला, त्याचा आवाज माझ्या कानात आला.

चेहरा एवढा जवळ होता की मी तिला धरायला हात पुढे केला. हाताला काही लागलं नाही. साठ मीटर.

धावलो. बासष्टाव्या वर्षी ढेकळांतून. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात होता, त्यामुळे ट्रायपॉडही सोबत आला, अर्ध्या वाटेत सुटला. आईचे डोळे उघडे होते, पण ती माझ्याकडे बघत नव्हती. शेजारच्या गोदाताईंनी पाणी मारलं. त्यांच्याच टेंपोतून पनवेल. कर्जत सोडल्यावर आई बोलली. म्हणाली, आला का रं?

मी हो म्हटलं.

काउंटरवर फाइलसाठी वेबकॅमवर फोटो काढतात. आई व्हीलचेअरवर. मी त्या मुलीला सांगत होतो की खिडकी मागून आहे, बॅकलाइट होईल, खुर्ची फिरवा, आणि वाकून आईचा पदर सारखा करत होतो. ती म्हणाली, काका, झाला. दोन सेकंद. या लोकांना प्रकाशाशी काही घेणं नाही.

पेसमेकर उद्याच बसवणार. १२ तारीख गेली.

दर्शना आली. ती ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

४ फेब्रुवारी

९.३५. आईला आत नेलं. दारातून म्हणाली, तू काडलेला फोटो दर्शनाकडं दे, तू हरवशील.

९.५०. कार्ड तपासलं. त्या नऊमधला एक शार्प आहे. अगदी शार्प. पापण्या मोजता येतील. अटींप्रमाणे पांढरी साडी, डोळे उघडे, एकटी.

९.५५. नऊही डिलीट केले. कॅमेरा विचारतो, नक्की का. नऊ वेळा विचारतो. सगळे एकदम डिलीट करायची सोय असणार, पान माहीत नाही.

१०.२०. संकल्प: चहा बंद. प्लास्टर पुढच्याच आठवड्यात. दर्शना सांगेल ते पहिल्यांदा सांगेल तेव्हाच ऐकायचं.

१०.४०. चहा घेतला. दर्शनानं आणला होता, वरच्या संकल्पात बसतं.

१०.५०. दार उघडलं. दुसऱ्याच पेशंटचं नाव.

११.०५. भिंतीवर प्रश्न विचारू नये असा बोर्ड आहे. विचारला. थांबा म्हणाले. दर्शनाला सांगून टाकलं; फोटो नाही ही गोष्ट आता फक्त आम्हा दोघांना माहीत आहे. आत आई फोटो आला आहे असं समजून झोपली आहे.

११.३०. डॉक्टर बाहेर आले. मास्क खाली करायला त्यांनी फार वेळ लावला. व्यवस्थित झालं. नाडी सत्तर.

मी बाकावरच बसलेला होतो, तरी पुन्हा बसलो.

८ फेब्रुवारी

आई घरी. पेज मागितली, मग मीठ कमी म्हणाली. तब्येत सुधारते आहे.

दुपारी म्हणाली, जगू, आन तो फोटो. मी तांत्रिक अडचण समजावून सांगितली. कार्ड, फॉर्मॅट, एरर. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, नाय ना काडलास? दर्शना पाठमोरी भांडी लावत होती. 

मी नाही म्हटलं.

आई म्हणाली, मला वाटलंच. त्या चौकोनातून नुसता बघत बसतोस.

मग तिनं हॉस्पिटलची फाइल मागवली. पहिल्या पानावर तो काउंटरवरचा फोटो, तिकिटाएवढा. खिडकीजवळ नेऊन बघितला. पांढरी साडी, डोळे उघडे, सरळ समोर बघते आहे. म्हणाली, हा बरा हाय. मी माज्यासारकी दिसते. हाच मोठा करा.

वेबकॅमच्या रिझोल्यूशनबद्दल मी बोलणार होतो. पहिला संकल्प आठवला नाही, पण तिसरा आठवला. दर्शना गप्प म्हणून मीही गप्प.

१० फेब्रुवारी

दर्शनानं काउंटरवर फोन करून मूळ फोटो व्हॉट्सॲपवर मागवला आणि साईराजला पाठवला. एकूण चार मिनिटं. मलाही हे सुचलं असतं, पण मी तेव्हा मॅन्युअलचं पान ११२ वाचत होतो. माणसांचे फोटो. माणसाच्या जवळ जा, असं पहिलंच वाक्य आहे. हे पान त्यांनी सुरुवातीला टाकायला हवं होतं. मेल लिहिणार होतो, पण त्यांच्याशी माझे संबंध सध्या चांगले नाहीत.

१६ फेब्रुवारी, रविवार

फ्रेम आली. फाइलमधल्या फोटोच्या कडा कापलेल्या होत्या, मूळ फोटो त्याहून रुंद निघाला. डाव्या बाजूला, आईच्या गालाला लागून, एक खांदा आहे. खाकी शर्ट, त्यावर कॅमेऱ्याचा काळा पट्टा.

साईराजला फोन केला. कापून टाक म्हटलं. तो म्हणाला, बघितलं काका, पण कापला तर आजींचा कान जातो. दर्शना कपाटाकडे तोंड करून हसत होती. गेल्या पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

मीच आईला सांगितलं. तुझ्या अटीत बसत नाही, परत करू, या वेळी मी जवळून काढतो. नुसतं पान ११२ करायचं.

आईनं फ्रेम मांडीवर घेतली. त्या खांद्यावरून अंगठा फिरवला, धूळ पुसावी तसा. म्हणाली, ऱ्हाऊ दे. ह्यो कुनाचा हाय ते ठाव हाय.

मग पांढऱ्या साडीत गुंडाळून फ्रेम पेटीत ठेवली, तळाशी. कुलूप घातलं. मला म्हणाली, आता प्लास्टर कर, खिळा कुटं ठोकनार?

उद्या गवंडी येतो आहे. कॅमेरा खोक्यात. एकूण फोटो दोन हजार एकशे सहा, आईचा एक. पाठीचा.

फ्रेम पेटीत जायच्या आधी मी भिंग लावून बघितली. चेहरा थोडा सॉफ्ट आहे, वेबकॅमकडून तेवढंच होणार. खांदा मात्र चांगला शार्प आला आहे.