बेडरूममधून कूलर हलवला त्याची हकीकत

देवपूर, धुळे
मे महिना (उन्हाचं विचारू नकोस)

प्रिय अक्का,

तुला आणि दाजींना संघपालचा सप्रेम जय भीम. पहूरला सगळं ठीक असेल, दाजींचा गुडघा वळणावर आला असेल आणि म्हैस व्याली असेल तर तिचंही अभिनंदन. फोन असताना या बाबानं पत्र का लिहिलं, असं तुला वाटेल. तर तुला फोन लावला की आई तो हातातून घेते, आणि तुम्हा मायलेकींचं बोलणं उरकेपर्यंत बॅटरी मान टाकते. शिवाय जे सांगायचंय ते आईसमोर सांगण्यासारखं नाही. (आबांसमोर तर नाहीच.) म्हणून पत्र एकटीनं वाच. दाजींना दाखवायचंच असेल तर गोठ्यात नेऊन दाखव.

मयुरीला बँकेत बढती मिळाली हे तुला कळलंच असेल. चाळीसगावची शाखा. मी म्हटलं, छान झालं, अप-डाऊन कर, अर्धं धुळं करतं. त्यावर ती शांतपणे म्हणाली, की नाही, मी तिथं खोली घेईन आणि शनिवारी येत जाईन, निदान झोप तरी होईल. अक्का, भांडली असती तर मी समजून घेतलं असतं. पण ती पोळी लाटता लाटता, हवापाणी सांगावं तसं बोलली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायको झोपेसाठी तालुका बदलते म्हणजे काय?

मी ही गोष्ट (नाव न घेता, एका मित्राची म्हणून) शाळेच्या स्टाफरूममध्ये काढली. आमच्या क्लार्कनं लगेच ओळखलं की मित्र मीच, आणि स्वतःच्या जळगावच्या साडूचा, लीलाधरचा, नंबर दिला. या लीलाधरभाऊंचं आधी गाद्यांचं दुकान होतं, आता ते फेंगशुई करतात. त्यांचं म्हणणं असं, की लोकांच्या गाद्या बदलून बदलून मला कळलं, दोष गादीत नसतो, दिशेत असतो. (हे गाद्या विकून झाल्यावर कळलं, हे त्यातल्या त्यात बरं.)

लीलाधरभाऊ होकायंत्र घेऊन आले आणि बेडरूमच्या दारातूनच एकेक दोष सांगायला लागले. तुला खोली माहीत आहेच. कपाटाचा आरसा पलंगासमोर, म्हणजे पलंगावर दोनाऐवजी चार माणसं दिसतात, नात्यात तिसरं-चौथं येतं, आरसा झाका. भिंतीवर माझ्या बी.एड.च्या बॅचचा ग्रुप फोटो, बेडरूममध्ये एवढा समाज कशाला, काढा. पलंगाच्या पेटीत गहू, आईचे पापड-बिबड्या, गोधड्या आणि तुझ्या लग्नातली उरलेली पातेली, त्यामुळे नात्यावर ओझं, रिकामी करा. चादर लालसर हवी, आणि बदकांची जोडी हवी. बदकांसाठी मी सगळा बाजार पालथा घातला, शेवटी एक बदक आणि एक कोंबडी मिळाली. लीलाधरभाऊ म्हणाले, चालेल, आंतरजातीय आहे.

त्यांनी एक हसरा, ढेरपोट्या पुतळाही पिशवीतून काढला. आबांनी चष्मा लावून अहिराणीत विचारलं, “हाऊ कोन शे?” लाफिंग बुद्धा, असं ऐकल्यावर आबा गंभीर झाले. एवढी वर्षं विहारात जातोय, आम्हाला हे कधी भेटले नाहीत, म्हणाले. लीलाधरभाऊंनी घाईघाईनं खुलासा केला, की हे ते नव्हेत, चीनकडचे एक भिक्खू आहेत. मग आबा निवळले. भिक्खू असेल तर पाहुणा आहे, म्हणाले, आणि त्याला हॉलमध्ये टीव्हीशेजारी बसवून पुढ्यात पाण्याचा तांब्या ठेवला.

इथवर सगळं सोसण्यासारखं होतं. पण जाता जाता त्यांची नजर कूलरवर गेली. बेडरूममध्ये पाणी म्हणजे अश्रू, म्हणाले, कूलर बाहेर. अक्का, धुळ्याचा मे महिना आणि कूलर बाहेर. पण माझ्या डोळ्यांपुढे चाळीसगाव होतं. मी छातीवर दगड ठेवून कूलर उचलला आणि हॉलच्या खिडकीत नेला.

उरला पलंग. तो असा हवा की झोपल्या जागेवरून दार दिसावं आणि दोघांना आपापल्या बाजूनं उतरता यावं. रविवारी दुपारी मी आणि मयुरीनं दार लोटून घेतलं (मागं जागा व्हावी म्हणून, आई-आबांना वेगळंच वाटलं) आणि पलंग रेटायला लागलो. तो निम्मा फिरला आणि त्याचा पाय फुटक्या फरशीत असा बसला की हलेना. एक कड दाराला, दुसरी कपाटाला. आपलं दार आत उघडतं. म्हणजे आता उघडत नव्हतं. बाहेरून आबा सूचना देत होते, डावीकडे घ्या. आम्ही डावीकडे घेतला, तो आणखी घट्ट बसला. मग आबा म्हणाले, माझ्या डावीकडे.

शेवटी आबा हनीफभाई सुताराला आणायला गेले आणि आम्ही दोघं घामानं निथळत त्या लाल चादरीवर बसलो. आता ही रडेल की ओरडेल, म्हणून मी बदकाकडे बघत होतो. तर मयुरी हसायला लागली. हसता हसता आडवीच झाली. म्हणाली, “या खोलीत आपण दोघंच आहोत, असं आज पहिल्यांदा होतंय.” आणि अक्का, ते खरं होतं. घरात कूलर एकच, तो या खोलीत, म्हणून उन्हाळाभर सगळं घर या खोलीत. दुपारी आई, आबा, त्यांचा रेडिओ, शेजारच्या सुनंदाबाई आणि त्यांची निवडायची मेथी. रात्रीही तेच, मेथी वगळून. मयुरीला झोप नको होती, एक खोली हवी होती. मी विचारलं, चाळीसगावच्या खोलीत दोन माणसं मावतील का? ती म्हणाली, “माणसं मावतील. गव्हाचं पोतं नाही मावणार.”

त्यानंतर आम्ही काय बोललो ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. हनीफभाई जरा लवकरच आले, एवढंच सांगतो. कूलर काढल्यानं खिडकी मोकळी होती, तिथून ते आत आले आणि आम्ही बाहेर पडलो. होणाऱ्या शाखाधिकारी मॅडम खिडकीतून उतरताना गल्लीनं पाहिल्या, पण त्या इतक्या खुशीत होत्या की सुनंदाबाईंना त्यांनी वरूनच हात केला. पलंग जागेवर लागला, पण बिजागऱ्या काढताना दार चिरलं, ते हनीफभाई दुरुस्तीला घेऊन गेले. तूर्त पडदा लावलाय.

दार नाही म्हणून आम्ही गच्चीवर झोपायला लागलो. वारा गार, वर कोणी नाही, उत्तम. इकडे आई पाठ टेकायला म्हणून त्या लाल चादरीवर पडली. तिला सोबत म्हणून आबा गेले. मग आबांनी (दिशा वगैरे न बघता) कूलर उचलून परत बेडरूमच्या खिडकीत लावला. तेव्हापासून दोघं तिथंच आहेत. रेडिओ हॉलमध्ये आला. सुनंदाबाई मेथी घेऊन आल्या, तर आबांनी पडद्याआडूनच सांगितलं, की उद्या या.

असो. दाजींना जय भीम, भाचरांना पापा.

तुझा,
संघपाल

ता. क. मूळ मुद्दा राहिलाच. यंदा आई-आबांना महिनाभर पहूरला बोलावून घे ना. आंब्यांचं निमित्त सांग. खोली एवढी जमवली, ती आम्ही अजून वापरलेली नाही.

ता. क. दुसरा (हा मयुरीचा): अक्का, पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. त्यांना मुळीच बोलावू नका. मी चाळीसगावला होकार कळवलाय, दोन माणसांची खोली बघितलीये, अप-डाऊन तुमचे भाऊ करणार आहेत. हे त्यांनी गच्चीवर कबूल केलं आणि तुम्हाला लिहायचं सोयीनं विसरले. आणि आज संध्याकाळी आबा बाजारातून मोगऱ्याचा गजरा घेऊन आले. आईंनी विचारलं, हा कोणासाठी? आबा भिंतीकडे बघत म्हणाले, “फेंगशुईवालानी सांगेल शे.”