तितं चालतं, हितं न्हाई

आबा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि माझा राग अजून गेलेला नाही. लोक म्हणतात, गेलेल्या माणसावर कसला राग धरायचा. का नाही धरायचा? तुम्ही गेलात म्हणून तुमचं खरं झालं, असं थोडंच आहे? आज नीट ऐकून घ्या, कारण हयातीत तुम्ही माझं एकही वाक्य पुरं होऊ दिलं नाहीत. मध्येच ‘बरं बरं’ म्हणून उठायचात आणि चपला शोधायला लागायचात.

मला लेझीम तुम्हीच शिकवलीत, हे आधी कबूल करा. गावच्या पथकाचे तुम्ही वस्ताद. तुमच्या शिट्टीवर चाळीस गडी उठणार, बसणार, वळणार. मी देवळाच्या पायरीवर बसून बघायची आणि घरी येऊन आईचा चिमटा वाजवत तेच करायची. एकदा टोलनाक्यावरची पाळी संपवून तुम्ही आलात आणि मला चुलीपुढं बैठक मारताना पाहिलंत. मला वाटलं, बसला आता पाठीत धपाटा. तुम्ही म्हणालात, “गुडगा लय भायेर जातुय. आत घे.” त्यानंतर दोन वर्षं, धार काढून झाली की रोज संध्याकाळी गोठ्यात आपली तालीम. दार ओढून घेऊन. दार का ओढता, हे मी कधी विचारलं नाही. वारा येतो म्हणून असेल, असं वाटायचं मला. इतकी मी भोळी.

लोणावळ्याच्या शाळेतून एका मुलीला वर्षभर अमेरिकेत शिकायला पाठवायचं ठरलं, तिथल्याच एका घरी राहायचं, तिथल्याच शाळेत जायचं, आणि नाव माझं निघालं. फॉर्म द्यायचा शेवटचा दिवस दुसऱ्या दिवशी होता, म्हणून मी शाळेतून थेट तुमच्या उर्स्याच्या टोलनाक्यावर आले. तुम्ही बूथमधून बाहेर आलात, न वाचताच सही केलीत आणि शेजारच्या लेनमधल्या माणसाला ओरडून सांगितलंत, आमची चालली अमेरिकेला. जाताना तुमची जुनी लेझीम टॉवेलात गुंडाळून माझ्या बॅगेत ठेवलीत, तिथं कुणी विचारलं तर दाखव म्हणालात. मला वाटलं, जो बाप पोरीला एवढ्या लांब धाडतो, त्याच्या राज्यात आपल्याला काय कमी!

तिथं शाळेत नाच हा विषय होता. गणितासारखा, तासाला. तुम्ही फोनवर दोनदा विचारलंत, नाचाला मार्क देत्यात? मी तो विषय घेतला आणि पहिल्या दिवशी पस्तावले. भिंतभर आरसा, आणि बाकीच्या मुली तीन-चार वर्षांच्या असल्यापासून शिकत आलेल्या. पाय डोक्याला लावायच्या. मी आपली कायम एक पाऊल मागं, आणि ते मागं असणं आरशात सगळ्यांना दिसतंय. मग वर्षअखेरच्या कार्यक्रमासाठी बाईंनी सांगितलं, प्रत्येकीनं आपलं काहीतरी बसवा. मी लेझीम बाहेर काढली. हलगीचं रेकॉर्डिंग लावलं आणि मी उभीच. हलगी वाजतेय, सगळ्या बघतायत, माझा पाय उचलत नाही. बाईंना वाटलं पोर घाबरली, त्यांनी पाणी आणलं. त्यांना कसं सांगू, की आमच्यात वस्तादाची शिट्टी झाल्याशिवाय कुणी पाय हलवत नाही? शेवटी खेळाच्या सरांना शिट्टी देऊन मंचाच्या कडेला बसवलं. अकरा मुलींना मी शिकवलं. झाडूच्या दांड्यांना तार बांधून, पत्र्याच्या चकत्या ओवून लेझमी केल्या. कार्यक्रम संपला तेव्हा लोक उभे राहिले होते, आणि त्या वर्षात पहिल्यांदा मी कुणाच्या मागं नव्हते.

त्याची सीडी घेऊन मी परत आले. आणि मग तुम्ही काय केलंत, आठवा. ज्याच्या घरी सीडी लागते त्या प्रत्येकाच्या घरी तुम्ही ती नेलीत. सरपंचांकडे, चुलत्यांकडे, कामशेतला मामाकडे, नाक्यावरच्या साहेबांच्या घरीसुद्धा. खुर्ची दिली तरी बसायचा नाहीत. टीव्हीशेजारी उभं राहून पडद्यावर बोट ठेवायचात, ही बैठक बघा, आपल्या गावचीच हाय. अख्ख्या गावानं मला नाचताना पाहिलं. तुमच्या पथकातल्या गड्यांनी तर मागं नेऊन पुन्हा पाहिलं. एकानंही तोंड वाकडं केलं नाही. मी तुमच्याबरोबर होते, म्हणून सांगते.

मग चैत्रात यात्रा आली तेव्हा मी असं काय वेगळं केलं? पांढरा सदरा घातला, फेटा बांधला आणि पालखीपुढं शेवटच्या रांगेत, अगदी कडेला उभी राहिले. हलगी सुरू झाली, दोन डाव मी खेळले. तुम्ही वळलात, मला पाहिलंत आणि लांब शिट्टी दिलीत. हलगी थांबली. चाळीस गडी जिथल्या तिथं. रांगेतून चालत तुम्ही माझ्यापर्यंत आलात. ओरडला असतात तर बरं झालं असतं. हळूच म्हणालात, “तितं चालतं. हितं न्हाई. घरी जा, पाव्हण्यांची पानं वाढायचीत.” आणि मी गेले. मी गेले कशी, हे मला आजही कळत नाही. ओसरीवर फेटा काढला आणि पोळ्या वाढायला लागले. एक पाहुणा म्हणाला, पोरी, तुझी सीडी पाहिली, नाव काढलंस. तो पुरे पुरे म्हणत होता आणि मी त्याच्या पानात तूप वाढतच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही स्वयंपाकघरात चहा पीत होता, तेव्हा मी विचारलं. ह्याच लोकांनी मला पाहिलंय, टाळ्या वाजवल्यात, मग काल काय बिघडलं? तुम्ही बशीतला चहा संपवलात. मग म्हणालात, “टीव्हीतली पोरगी येगळी. म्होरं नाचती ती घरची. तिला कोन काय बोललं, तर मी शिट्टी वाजवू का भांडत बसू?” आणि उठलात. हे काय उत्तर झालं? मला हजारो मैलांवर अनोळखी माणसांत पाठवताना तुम्हाला भीती वाटली नाही, आणि आपल्या देवळापुढं, आपल्या माणसांत वाटली? ज्या गड्यांना तुम्ही पाय उचलायला शिकवलंत, त्यांना तोंड सांभाळायला शिकवता आलं नसतं? म्हणजे माझी अमेरिका तुमच्या मिरवण्यापुरती, आणि भीती तुमची असून शिक्षा मात्र मला. मला ते तेव्हाही पटलं नाही, आता तर मुळीच पटत नाही.

त्यानंतर पाच वर्षं आपण एका घरात राहिलो आणि तो विषय काढला नाही. मग नाक्यावरच, पाळी सुटता सुटता तुमच्या छातीत कळ आली. मी आता लोणावळ्यात राहते, मुलींना नाच शिकवते, आणि तेव्हापासून ही गोष्ट सांगत आलेय. पालकसभेत, लग्नाकार्यात, जिथं कुणी ऐकेल तिथं. बाया हळहळतात. मी ती चांगली सांगते, कुठं थांबायचं तेही मला आता माहीत झालंय.

यंदा यात्रेच्या आधी पथकाचा आताचा वस्ताद मला भेटायला आला. त्या यात्रेत माझ्या शेजारी शेवटच्या रांगेत उभा होता, तोच. म्हणाला, चार वर्षं झाली, आपल्या पथकात पोरी आहेत, सात जणी, कुणी काही म्हणत नाही. “ताई, तुमी फुडं उभ्या ऱ्हावा. पोरींना बरं वाटंल.” मी म्हणाले, त्या दिवशी माझा क्लास आहे. तो चहा घेऊन गेला.

हे पत्र वहीतच राहणार. तुमच्या फोटोमागंही ठेवणार नाही, आई रोज तो पुसते आणि तिच्या हाती लागेल. पण इतकं तावातावानं लिहिलंय, तर एवढंही लिहून टाकते. यात्रेच्या दिवशी माझा क्लास नव्हता, आबा. मी घरीच होते, आणि मला कुणीही अडवलं नव्हतं.